पुरंदेआई

बसा इथं, कट्ट्यावर. पाटीवर 'श्री पुरंधी देवी' लिहिलंय, ते बरोबरच आहे. पण गावात त्या नावानं विचारलंत तर कुणी वाट दाखवायचं नाही. आम्ही हिला पुरंदेआई म्हणतो. चूक आहे, ठाऊक आहे, आणि ती सुधारायची आमची इच्छा नाही.

असं सांगतात, की दुष्काळाच्या एका वर्षी त्र्यंबकभट नावाचे वैदिक प्रवासात आजारी पडले आणि या टेकडीवर राहिले. हा शेंदरी तांदळा, म्हणजे मूर्ती न घडवलेला देवीचा दगड, तेव्हा उघड्यावर होता, बिननावाचा. भटजी रोज सकाळी त्याच्यापुढे ऋचा म्हणत. पुरंधी ही वेदांतली भरभराटीची देवता. तिची आठवण तेव्हाही फारशी कुणाला नसावी. भटजी मात्र तिला जिवाभावानं हाक मारत, 'पुरंधे, पुरंधे.'

साळू नावाची बाई त्यांना पाणी आणून द्यायची. सरळ मनाची, म्हणून गावाचं बियाणं तिच्याच कणगीत असे. तिला ऐकू आलं, 'पुरं दे, पुरं दे.' तिला नवल वाटलं म्हणे. एवढा शिकलेला माणूस, आणि देवाकडं फक्त पुरण्याएवढंच मागतो! मग तीही तेच मागू लागली.

त्याच उन्हाळ्यात परमुलखातली भुकेली माणसं बायकापोरांसकट टेकडीखाली येऊन बसली. गावात बियाण्याशिवाय दाणा नव्हता. ते शिजवलं तर पेरायचं काय, आणि न शिजवावं तर ही माणसं डोळ्यांदेखत जाणार. साळूनं कणगी उघडली आणि ज्वारीच्या कण्या शिजत घातल्या.

तिचं 'पुरं दे' ऐकून भटजींनी तिला समजावलं, की पुरंधी हे देवीचं नाव आहे, मागणं नव्हे.

साळू म्हणाली, "मग बरंच झालं की. नुसती हाक मारली तरी मागणं पोचतंय."

भटजी हसले आणि स्वतः वाढायला उभे राहिले.

पहिल्या पानावर एक म्हातारी होती, नुसती हाडं. दोन घास झाले नाहीत तोच तिनं पानावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "पुरलं." तीही शेतकऱ्याघरची. कुठलं धान्य शिजलंय हे तिनं ओळखलं होतं. शेजारच्यानं तिच्याकडं पाहिलं आणि त्यानंही हात धरला. सगळी पंगत अशीच उठली, आणि पाऊस येईपर्यंत रोज अशीच उठत राहिली. पेरणीला कणगीत हात घातला, तर गावाला पुरेल एवढं बी निघालं. देवीनं पुरवलं, असं म्हणतात. पुरवलंच असेल. मला मात्र त्या म्हातारीचं फार कौतुक वाटतं. ती माणसं पुढं इथंच राहिली. आमचं घर त्यांच्यातलंच.

आजही देवीच्या जेवणाला कुणी 'पुरे' म्हणत नाही. पानावर हात धरून 'पुरलं' म्हणतात. ते ऐकलं, की वाढणाऱ्यानं तो हात हळूच बाजूला करून आणखी एक पळी वाढायची असते. त्या म्हातारीला वाढायची राहून गेली, ती.