तात्यासाहेबांचा भारीतला गुडघा

शर्यतीच्या गाडीचं इंजिन नव्यानं बांधायचं होतं, म्हणून मालक तात्यासाहेब इंगवले स्वतः गॅरेजात अवतरले. आल्या आल्या त्यांनी पँटवरूनच नव्या कृत्रिम गुडघ्यावर टिचकी मारून दाखवली. "परदेशी आहे. डॉक्टरला सांगितलं, सगळ्यात भारीतला बसव!" गाडीवरच्या सोनेरी पट्ट्यांवर पैसा उधळणारे तात्यासाहेब बेअरिंगचं नाव निघताच मात्र आखडले. "स्वस्तातली टाका. आत कोण बघतंय?"

इंजिन बांधणाऱ्या हाशममेस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. भर वेगात बेअरिंग गेली तर इंजिन जागीच जाम, आणि गाडी पळवणार मेस्त्रींचाच जावई!

मेस्त्री अदबीनं म्हणाले, "खरंय साहेब. मग गुडघ्याला कशाला एवढा खर्च केलात? पँटच्या आत कोण बघतंय?"

तात्यासाहेबांनी भारीतली बेअरिंग मागवायला सांगितली आणि गुडघ्याला हात न लावता निघाले.