थुंकीचं बोट

चाकांना नुकतीच वाचा फुटली होती, त्या काळातली ही गोष्ट. कुंदाताईंच्या गाडीच्या पुढच्या चाकात, वॉल्व्हच्या बुडाशी एक सेन्सर राहायचा. हवा कमी झाली की तो दिवा लावून बोंब मारायचा. हल्ली रोजच मारायचा, "टायर नालायक आहे!" ताईंनी टायर बदलला, तरी हवा जायचीच.

डिकीतली स्टेपनी मात्र ताईंच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, जुन्या गाडीतून आलेली, साध्या रबरी वॉल्व्हची. ती म्हणाली, "बाळा, हवा गेली की अण्णा आधी वॉल्व्हलाच थुंकीचं बोट लावायचे."

"मला थुंकी? आजी, मी दुसऱ्यांची हवा मोजतो!"

एका सकाळी चाक पार बसलं. ताई वाकल्या, आणि अण्णा आठवून त्यांनी बोट जिभेला लावून त्या गंजलेल्या वॉल्व्हवर टेकवलं. टपोरा बुडबुडा आला. हवा सेन्सरच्याच बुडातून जात होती.

मग त्यांनी स्टेपनी काढली आणि तिच्याही वॉल्व्हला बोट लावलं. कित्येक वर्षांनी कुणी "बरी आहेस ना?" म्हणाल्यासारखं स्टेपनीला झालं.

स्टेपनी पुढच्या चाकाच्या जागी लागली; काढलेल्या चाकाबरोबर डिकीत जाता जाता सेन्सर हळूच म्हणाला, "आजी, बरा आहेस ना, असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं गं."