न बसलेल्या फटक्याचं वजन

"न बसलेला फटका किती वजनाचा होता, ते उद्या सकाळी तोलून दाखव! नाहीतर तुझा उजवा हात तोडू!"

मानाजीराजांनी भरल्या दरबारात भिवरा परटिणीला हुकूम सोडला. उजवा हात! त्याच हातानं ती कपडे बडवायची, त्याच हातानं चार लेकरांना भाकरी थापायची.

झालं होतं एवढंच. भिवरा घाटावर धुणं बडवत होती. राणीसाहेबांचे भाऊ हैबतराव तिथून निघाले. चार शिंतोडे त्यांच्या नव्या जोड्यांवर उडाले. "चुकलं, मालक," असं ती म्हणेपर्यंत त्यांनी चाबूक उगारला. भिवरा काय देवळातली मूर्ती, गप्प उभी राहायला? हातातलं धोपटणं तिनं सणकन हाणलं! चाबूक गेला नदीत आणि हैबतरावांचं मनगट आलं गळ्यातल्या झोळीत.

"मी नुसता उगारला होता," हैबतराव कण्हत म्हणाले. "मारला कुठं?"

"मग काय, मारायची वाट बघू?" भिवरा ताडकन बोलली. "पाठ सोलून निघाल्यावर अडवायचं कुणाला?"

राजे म्हणाले, "स्वतःला वाचवायला हात उचलावा, हा आमचाच कायदा. पण येणाऱ्या फटक्याहून आपला फटका जड नको, हाही आमचाच! तुझं धोपटणं भरलं सव्वा शेर. आता चाबकाच्या फटक्याचं वजन तू दाखव."

"अहो, पण तो बसलाच नाही!"

"म्हणूनच तर विचारतोय!"

दुसऱ्या दिवशी भिवरा गाठोडं घेऊन हजर. पहारेकऱ्यांनी गाठोडं उलटंपालटं करून पाहिलं. आत राजवाड्यातलंच धुणं, तेही ओलं. दिलं सोडून. दरबारात मोठा तराजू टांगलेला.

हैबतराव फिस्सकन हसले. "काय गं, फटका गाठोड्यात बांधून आणलास?"

"आणलाय की! पण हा तराजू गूळ तोलायचा. फटका तोलायला जागचा तसूभरही न हलणारा माणूस लागतो."

राजांनी मिशीला पीळ भरला. "आमच्याइतका अढळ आहे कोण?"

"मग अभय द्या, महाराज. आणि काही झालं तरी हलायचं नाही हं!"

"दिलं अभय! राजा कधी हलतो का?"

भिवरानं गाठोड्यातून एक ओलं उपरणं काढलं, करकचून पिळलं, पदर खोचला आणि दगडावर आपटायला घ्यावं तसं डोक्यावर गरगर फिरवत थेट सिंहासनावर धावली. "हेऽऽ घ्या!"

आणि हात वरच्या वर थांबवला.

राजे कुठं होते? सिंहासनामागे! डोक्यावर चांदीचं पानदान पालथं, सुपाऱ्या पायऱ्यांवरून टणाटण खाली. चार शिपायांच्या तलवारी उपसलेल्या. प्रधानांनी ढाल पुढं धरलेली. उपरण्यातून पाणी ठिबकत होतं, तेवढाच काय तो आवाज.

"महाराज, फटका बसला का?"

"न... नाही!"

"मग कारकूनदादा, लिहा! चार तलवारी, एक ढाल, एक पानदान. हे न बसलेल्या फटक्याचं वजन! आणि तेही ओल्या उपरण्याच्या. उपरणंही महाराजांचंच!"

"लबाडी!" हैबतराव ओरडले. "ही मारणारच नव्हती!"

"ते महाराजांना कळलं का? मी आधी सांगून आले होते, अभय घेऊन आले होते, तरी ते सिंहासनामागं गेले. मला घाटावर कुणी सांगितलं होतं, की मालक नुसता उगारणार आहेत म्हणून?"

पानदानाखालून राजांचा एक डोळा बाहेर आला. "पण... तुझं ते सव्वा शेर?"

"तेच म्हणते मी! एवढ्या वजनाचा फटका येत होता आणि मी दिलं काय, तर एक धोपटणं. माझ्याकडूनच माप कमी पडलं, महाराज. राहिलेलं आता पुरं करू का, हैबतराव?"

हैबतराव खांबाआड!

राजे आधी खुदकन हसले, मग पोट धरधरून हसू लागले. हसता हसता तिथंच खाली बसले. "हात शाबूत ठेवा रे हिचा! साडीचोळी द्या, आणि घाटावरची मोकळी जागा हिच्या नावे करा, कपडे वाळत घालायला!"

"मोठी कृपा!" भिवरानं वाकून मुजरा केला. "आता तेवढं उपरणं नेऊ द्या, महाराज. आपटायचं राहिलंय अजून!"