गवताचे तट्टे

"मग आणखी काय करायचं राहिलं, उस्ताद?"

धनंजय ढेबेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. याकूब उस्ताद त्याच्या परसात उकिडवे बसून घर ऊबदार ठेवणाऱ्या हीट पंपाच्या बाहेरच्या डब्याचा आवाज ऐकत होते.

महाबळेश्वरात फ्रिज आणि एसी दुरुस्त करण्यात उस्तादांचे चाळीस पावसाळे गेले. हात थरथरायला लागला तसं त्यांनी काम सोडलं, पण शिकायला आलेल्याला ते परत पाठवत नसत. धनंजय कॉलेजात इतिहास शिकवायचा. घरच्या यंत्राची निगा आपणच राखायची, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असा त्याचा हट्ट. गेला महिनाभर तो उस्तादांकडे शिकायला जात होता. म्हणजे आपल्याला किती येतं ते त्यांना सांगायला जात होता.

"आतली जाळी दर रविवारी धुतो. पुस्तिका तीनदा वाचलीय. कधी काय केलं त्याच्या तारखा लिहिल्यात. वही दाखवू?"

"नको."

"तरी आईच्या खोलीत ऊब येत नाही. दिवसभर यंत्र चालू, आणि तिचे हात बर्फासारखे. जेवत नाही. धड बोलतसुद्धा नाही... आणि तिलाही काही झालं तर..."

गेल्या श्रावणात त्याचे वडील न्यूमोनियानं गेले, तेव्हा तो साताऱ्यात पेपर तपासत बसला होता. वडील उस्तादांचे जुने दोस्त. उस्तादांनी डब्याकडं बोट केलं.

"हे यंत्र ऊब आणतं कुठून रे?"

"बाहेरच्या हवेतून," धनंजय म्हणाला. हे त्याला तोंडपाठ होतं. "हवा कितीही गार असली तरी तिच्यात थोडी ऊब असतेच. तेवढी ओढून घ्यायची आणि आत सोडायची."

"बरोबर. आणि हे काय बांधलंयस?"

तिकडं पाऊस भिंतीवर आडवा येतो, म्हणून पावसाळ्याआधी घरांना गवताचे तट्टे बांधतात आणि दसऱ्याच्या सुमारास काढतात. धनंजयनं यंत्राच्या डब्यालाही मापानं तट्टे करून घेतले होते. तिन्ही बाजूंनी गवत, वरून प्लास्टिक, आणि काथ्याच्या पक्क्या गाठी. आता पौष उजाडला होता.

"त्याला गारठा लागू नये म्हणून..."

बोलता बोलताच त्याचा आवाज बारीक झाला.

उस्तादांनी पायरीवरचा विळा उचलून काथ्या कापला. तट्टे बाजूला पडले. हवाच न मिळाल्यानं डब्याच्या पाठीवर चार बोटं बर्फ साचला होता.

धनंजयचे कान लाल झाले. त्यानं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि तो बर्फ खरवडायला धावला. उस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"पातळ पत्रे आहेत आत, वाकतील. बंद कर. उन्हात राहू दे."

"किती वेळ?"

"वितळेपर्यंत."

दोघं पायरीवर बसले. थेंब ठिबकू लागले. ऊन हळूहळू परसात उतरलं. इतका वेळ काही न करता बसायची धनंजयला सवय नव्हती. त्यानं दोनदा घड्याळ पाहिलं.

"वहिनींच्या खिडकीचाही तट्टा काढला नाहीस," उस्ताद म्हणाले.

"फटीतून वारा येतो."

"शेजारच्या शेवंताबाई यायच्या ना त्यांच्याकडं?"

"येता-जाता दार उघडं राहतं, उस्ताद. मीच म्हटलं, उन्हाळ्यात या."

उस्तादांनी विळा त्याच्यापुढं धरला.

धनंजयनं तो घेतला. खिडकीशी जाऊन एकेक गाठ कापली. तट्टा खाली आला तेव्हा काचेमागं आई बसली होती. तिनं उजेडानं डोळे बारीक केले, आणि मग स्वतःच खिडकीची कडी काढली.

"याकूबभाऊ, चहा घेतलात का?"

आठ दिवसांत तिचं एवढं लांब वाक्य घरात कुणी ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळानं ती भिंतीला धरून बाहेर आली आणि धुण्याच्या दगडावर उन्हात बसली. कुंपणापलीकडं शेवंताबाई स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात वाकल्या होत्या.

"शेवंते, यंदा फळ बारीक का गं?"

"तू बघायला आली नाहीस ना, म्हणून रुसलंय," तिकडून उत्तर आलं. आई हसली. शेवंताबाई ओंजळभर फळं घेऊन कुंपणाशी आल्या आणि दोघी बोलत राहिल्या.

बर्फ वितळला होता. उस्तादांनी मान डोलावली तसं धनंजयनं बटण दाबलं. पंखा फिरला, यंत्राचा आवाज मोकळा झाला. त्यानं पंख्यापुढं हात धरला.

"यातून तर गार हवा बाहेर पडतेय."

"पडू दे. तिच्यातली ऊब आत गेली."

तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली. धनंजय घाईनं आत गेला आणि वडिलांची जाड शाल घेऊन आला. ती तो आईच्या खांद्यांवर घालू लागला.

"ऊन आहे की रे," आई म्हणाली आणि शाल तिनं हलकेच बाजूला सारली. सारताना तिचा हात त्याच्या हाताला लागला.

हात ऊबदार होता.

धनंजयनं तो धरून ठेवला. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही. दुसऱ्या हातात शाल तशीच राहिली.

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी शाल त्याच्या हातातून घेतली, उलगडली आणि त्याच्याच खांद्यांवर घातली.

"तू पांघर, धनू. श्रावणापासून तूच कुडकुडतोयस."