हंसगती विकत घेणारा शेठ

शेअरबाजारातलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या तालुक्यात कुणालाच कळत नाही. म्हणजे मला काही कळत नाही, आणि तालुक्याला त्याहून कमी कळतं. शाळेत मी सातवीपर्यंत गेलो, त्यातही सातवीत नुसता बसून आलो. पण वाचनालयातल्या सुमेधाबाई म्हणाल्या, आजोबा, मुलांच्या अंकाला एक बोधकथा द्या, कोल्हा आणि द्राक्षं नकोत, आजच्या काळातलं काहीतरी द्या. घ्या बाई. शुद्धलेखन तुमचं, गोष्ट माझी.

एक गाव होतं. तिथे एसटी थांबायला कुरकुरायची, पण गावाच्या डोक्यावरून रोज एक विमान जायचं. दिवेलागणीला, मारुतीच्या कळसावरून, पश्चिमेकडे. विमान हंसगती नावाच्या कंपनीचं होतं. गावातल्या झाडून सगळ्यांनी हंसगतीचे शेअर घेतले होते. कारण साधं होतं. बाकीच्या कंपन्या नुसत्या ऐकायच्या, ही डोळ्यांनी दिसते. त्या विमानात बसलेला मात्र गावात एकही नव्हता.

शेअरची पेढी गुगळेशेठची. विमानाची वेळ झाली की पेढीवरचे सगळे रस्त्यावर यायचे, टोप्या काढायचे, माना वर करून कान द्यायचे. घरघर जाड आली तर उद्या भाव चढणार. चिरकी आली तर उतरणार. भाव उलटाच गेला तर वारा आडवा होता असं म्हणायचे. हसू नका. टीव्हीवरचे टायवाले हेच करतात, फक्त ते टोपी काढत नाहीत.

पेढीच्या बाकावर, पंख्याखालच्या जागेवर, एक माणूस बसायचा. त्याचं नाव मागाहून सांगतो. तोवर त्याला बातमीवाला म्हणू, कारण बातम्या पुरवणं हेच त्याचं काम. बातमी नसली तर तो करायचा, घरात भाजी नसली की आपण पिठलं करतो तशी. बायकोच्या, द्वारकाबाईंच्या, पाटल्या मोडून त्याने हंसगतीत घातल्या होत्या. दिवाळीला परत करतो म्हणाला होता. कुठल्या दिवाळीला ते म्हणाला नव्हता.

एके संध्याकाळी विमान आलंच नाही.

दुसऱ्या दिवशीही आलं नाही. मग कळलं की कंपनी बसलीय. वैमानिक सोडून गेलेत, विमानं कुठेतरी ताडपत्री घालून उभी आहेत. भाव असा खाली आला की गुगळेशेठनी टीव्हीवर टॉवेल टाकला. द्वारकाबाई रिकाम्या मनगटावरून हात फिरवत राहिल्या. त्या बोलल्या असत्या तर बातमीवाल्याला जेवण तरी गेलं असतं.

सकाळी तो पेढीवर आला, पंख्याखाली बसला, आणि हळूच म्हणाला की हंसगती कुणीतरी विकत घेतोय.

कोण, असं सगळ्यांनी विचारलं. एक शेठ, तो म्हणाला. कसला शेठ? आता आली पंचाईत. समोर चांभाराच्या दुकानात एक काठी टेकवलेली दिसली, म्हणून म्हणाला, काठी घेऊन चालतो. काठी आली म्हणजे लंगडा पाय आला. डावा. तेवढ्यात गुगळेशेठ खोकले, म्हणून शेठला खोकला दिला. अंगात पांढरा कोट दिला. दारात आला की आधी काठी दोनदा आपटतो, मग आत येतो, एवढंही त्याने वर घातलं. हा शेठ कंपनी घेणार, मोडणार, नव्याने बांधणार. पुनर्रचना म्हणतात त्याला. नाव विचारलं तर बातमीवाल्याने ओठांवर बोट ठेवलं. नाव फुटलं तर सौदा फिसकटेल.

बातमी दुपारी तालुक्याला गेली, तिथून शहराला, आणि शहरातून टीव्हीवर चढून, विश्वसनीय सूत्रांकडून समजतं अशी होऊन, पुन्हा पेढीवर आली. बातमीवाल्याने ती ऐकली आणि त्यालाच वाटलं, अरे, खरंच घेतोय की काय. भाव उठून बसला. गुगळेशेठनी टॉवेल काढला.

आता बातमीवाल्याने शेअर विकून पाटल्या करायच्या होत्या. पण भाव चढत होता. तो म्हणाला, उद्या विकू. दुसऱ्या दिवशीही म्हणाला, उद्या विकू.

इकडे गावात वेगळंच सुरू झालं. गुगळेशेठच्या साडूला दौंड स्टेशनवर पांढऱ्या कोटातला एक लंगडा दिसला. विहिरीवरच्या बायकांना भर दुपारी रिकाम्या रस्त्यावर काठीचा आवाज आला. देवळापुढे झोपणारं काळं कुत्रं एकदा उठलं, कुणाला तरी वाट द्यावी तसं बाजूला सरलं, आणि समोर कुणीच नसताना शेपूट पायांत घालून बसलं. लोक खूश. शेठ आला म्हणजे सौदा पक्का. भाव आणखी वर गेला.

मग एका संध्याकाळी विमान आलं.

सगळे टोप्या काढून धावले. विमान नेहमीच्याच वाटेने आलं, मारुतीच्या कळसावरून. पण त्याला आवाज नव्हता. पिंपळावरचे कावळे जागचे हलले नाहीत. सगळ्या खिडक्या काळ्या होत्या, एकीत तेवढा दिवा होता, आणि त्या दिव्यात कुणीतरी मान वाकवून खाली बघत होतं. आवाजच नसेल तर उद्याचा भाव कसा ओळखायचा, यावर थोडा वाद झाला. शेवटी ठरलं की आवाज नाही म्हणजे नवं इंजिन, आणि नवं इंजिन म्हणजे नवा मालक. टाळ्या पडल्या. बातमीवाला मात्र पिंपळाआड सरकला. खिडकीतला माणूस गावाकडे बघत नव्हता. त्याच्याकडे बघत होता.

तो घरी आला. द्वारकाबाई तुळशीपुढे दिवा ठेवून आत गेल्या होत्या. दारावर ठक झालं. मग पुन्हा ठक.

पांढरा कोट, हातात काठी. डावा पाय ओढत शेठ आत आला, झोपाळ्यावर बसला आणि गुगळेशेठसारखाच खोकला.

"ओळखलंत ना?" तो म्हणाला. "तुम्हीच घडवलंत. पाय दिलात, तोही धड दिला नाहीत. असो."

बातमीवाल्याने काय पाहिजे विचारलं.

"मला राहायची हौस नाही. आत्ता पेढीवर चला, चार लोकांत सांगा की असा कुणी शेठ नाही. मी उठून जातो."

पेढी उघडी होती. लोक अजून विमानाच्याच गप्पा मारत होते. चार पावलं चालून चार शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. बातमीवाला उठलासुद्धा. पण दारात त्याला भाव आठवला. आत्ता खरं सांगितलं तर सकाळी भाव मातीत, पाटल्या मातीत. आधी विकावं, मग सांगावं. खरं काय पळून जातंय?

तो मागे फिरला आणि शेठला म्हणाला की उद्यापर्यंत थांबा, माझे शेअर विकून होऊ देत, मग सांगतो.

"थांबतो की," शेठ म्हणाला. "पण गावात राहायचं तर नाव लागतं. तेवढं द्यायचं तुम्ही विसरलात."

"माझं घ्या तोवर," बातमीवाला म्हणाला. पाहुण्याला पावसात छत्री द्यावी तसं त्याने दिलं. शेठने काठी दोनदा आपटली आणि हसला. बातमीवाल्याने हसायला गुगळेशेठचे दात दिले नव्हते, कुणाचेच दिले नव्हते. ते आठवायला हवं होतं.

सकाळी बातमीवाला पेढीवर गेला. पंख्याखालच्या जागेवर पांढरा कोट बसला होता. लोक त्याच्याशी जुन्या ओळखीने बोलत होते, त्याला बातमीवाल्याच्या नावाने हाक मारत होते, आणि तो ओ देत होता. त्याच्या खोकल्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. बातमीवाला गुगळेशेठपुढे उभा राहिला आणि म्हणाला, माझे सगळे शेअर विका.

गुगळेशेठनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाच्या नावावर आहेत?"

बातमीवाल्याने तोंड उघडलं. नाव जिभेवर येईल म्हणून थांबला. लहानपणी आईने मारलेली हाक आठवायला गेला, तर आई आठवली, ओसरी आठवली, आईचे हलणारे ओठ आठवले. हाक नाही आठवली.

"पाहुणे कुठल्या गावचे?" गुगळेशेठनी विचारलं. माणूस भला होता, पाणीसुद्धा मागवलं.

मग बातमीवाल्याला सुचलं की आता तरी खरं सांगावं. तो ओरडून सांगायला लागला की शेठ वगैरे कुणी नाही, हंसगती कुणी घेत नाही, मी बसल्या जागी बनवलं, काठी समोरच्या दुकानातली आहे, खोकला तुमचा आहे. सगळ्यांनी पंख्याखालच्या माणसाकडे पाहिलं, कारण बातमीतलं त्यालाच कळायचं.

पांढऱ्या कोटाने सुपारी कातरली आणि हळूच म्हणाला, "परगावचा माणूस मुद्दाम नाही म्हणायला येतो, म्हणजे सौदा झाला."

सगळ्यांना ते पटलं. भाव कधी नव्हे इतका वर गेला.

बातमीवाला घराकडे पळाला. द्वारकाबाई तरी ओळखतील. घरी चैत्राचं हळदीकुंकू होतं. गौर झोपाळ्यावर बसवली होती, आंब्याची डाळ आणि पन्हं चाललं होतं, ओटी भरलेल्या बायका उठायच्या बेतात होत्या. तो अंगणात थांबला. नवऱ्याला नावाने हाक मारायची द्वारकाबाईंना सवय नव्हती, त्यांचं सगळं अहोवर चालायचं. पण चार बायकांत नाव घ्यायची वेळ आली की त्या ठसक्यात घ्यायच्या. तो हात जोडून म्हणाला, बाई, एकदा नाव घ्या, एवढंच मागतो. बायकांना गंमत वाटली. घे गं, घे गं करत त्यांनी द्वारकाबाईंना पुढे ढकललं. त्या पदर सावरत म्हणाल्या,

"अंगणात तुळस, आभाळात विमान,
… रावांचं नाव घेते, राखते तुमचा मान."

मधलं नाव त्यांनी घेतलं. सगळ्या बायकांना ते ऐकू आलं. अंगणात उभ्या असलेल्या माणसाला तेवढ्या जागी काहीच ऐकू आलं नाही. त्यांचे ओठ हलले एवढंच दिसलं. आतल्या खोलीतून मात्र एक खोकला आला, काठी दोनदा आपटली, आणि कुणीतरी ओ दिला.

द्वारकाबाईंनी वाटीत डाळ घालून परक्या माणसापुढे धरली. घ्या, उन्हाचं आलात, असं म्हणाल्या. वाटी धरलेल्या हातात पाटल्या होत्या, नव्या, झळझळीत. शेठने दिलेलं वचन पाळलं होतं. वचन बातमीवाल्याचं होतं, पण नाव आता शेठचं होतं.

त्याने डाळ खाल्ली. चांगली झाली होती, असं म्हणतात. मग वाटी पायरीवर ठेवली आणि गावाबाहेर चालू लागला. मागून कुणी हाक मारली नाही. मारायची म्हटली तरी कशी मारणार?

ते विमान अजून जातं. आवाज नसतो. आता सगळ्याच खिडक्यांत दिवे असतात, आणि प्रत्येक खिडकीत कुणीतरी मान वाकवून बसलेलं असतं. गावातले लोक खाली उभे राहून टोप्या काढतात. मधूनच कुणीतरी म्हणतो, त्या तिसऱ्या खिडकीतला अगदी आपल्या गुगळेशेठसारखा दिसतो. गुगळेशेठ हसतात. हल्ली ते पाहुण्यांना आधी आपलंच नाव सांगून बघतात.

तात्पर्य: आपण सोडलेलं खोटं आपणच, त्याच दिवशी, नुकसान सोसून मोडावं, फायदा पदरात पडेपर्यंत थांबलं, तर खोटं आपल्या घरात नांदायला येतं आणि खरं सांगायला आपण उरत नाही.

एवढं लिहून मी कागद सुमेधाबाईंच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, बाई, काढा चुका, तुमचा दिवस चांगला जाईल. त्यांनी सगळं वाचलं, लाल पेनाने दोन-तीन वेलांट्या दुरुस्त केल्या, आणि टोपण न लावताच माझ्याकडे पाहिलं.

"त्या माणसाचं नाव मागाहून सांगतो म्हणालात, ते नाहीच सांगितलंत. ते राहू दे. पण गोष्टीखाली तुमचं नाव छापावं लागेल, आजोबा. इतकी वर्षं इथे येताय, कुणी कधी विचारलंच नाही. काय लिहू?"