सरांची खुर्ची

"पण बाई, आवाज अजून येतोच म्हणते. मग तिला बरी कोणत्या तोंडाने म्हणू?"

डॉक्टर निषाद मोहरील उभ्याउभ्याच विचारत होता. आमच्या मनोरुग्णालयात तो भासांवर संशोधन करायला आला होता. हुशार पोरगा, पण हुशारी जरा जास्तच मिरवायचा. सबनीसबाई त्याच्या गुरू, आमच्या सगळ्यांत जुन्या डॉक्टर.

बाई पेरू कापत होत्या.

प्रश्न द्वारकाबाईंचा होता. नवरा गेल्यावर त्याचा आवाज ऐकू यायला लागला आणि त्या वेड्यापिशा झाल्या, म्हणून इथे आल्या. आता जेवत होत्या, झोपत होत्या, वॉर्डाच्या स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. लेक सकाळीच न्यायला आली होती. जावयाला तिने कसंबसं राजी केलं होतं, आणि आज नेलं नाही तर तो पुन्हा हो म्हणणार नव्हता.

निषादचं म्हणणं, गोळ्या वाढवू. बाईंनी आठवण करून दिली, मागे वाढवल्या तेव्हा द्वारकाबाईंच्या हाताला कंप सुटला होता, दिवसभर गुंगीत पडून असायच्या.

"पण आवाज थांबला होता," निषाद म्हणाला.

बाईंनी द्वारकाबाईंना बोलावलं, पेरूची फोड दिली आणि सहज विचारलं, आवाज म्हणतो तरी काय?

निषाद चपापला. आवाज येतो का, किती वेळा, किती मोठा, हे सगळं त्याने विचारलं होतं. हे राहूनच गेलं होतं.

"आधी लई शिव्या द्यायचे," द्वारकाबाई म्हणाल्या. "आता म्हणतात, डाळ उतू जाईल."

"मग?"

"मग मी गॅस बारीक करते." त्या हसल्या. "ते गेलेत हो. मला ठाऊक नाही का?"

त्या लेकीजवळ जाऊन बसल्या. निषाद कपाळाला हात लावून उभा. खरं सांगते, त्या घडीला मलाही काही उमजेना. माझं काम पेशंटच्या घरच्यांशी बोलायचं. बाहेर बसलेल्या लेकीला उत्तर मलाच द्यायचं होतं.

"तुम्हीच ठरवा, बाई," निषाद म्हणाला.

"पेशंट तुझी. सही तुझी."

एवढं बोलून बाईंनी कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीकडे पाहिलं. ती त्यांना शिकवणाऱ्या सरांची. सर वारल्यापासून तिच्यावर कोणी बसत नाही. कुणालाही घरी सोडायचं असलं की बाई आधी तिकडे बघतात. आम्हाला त्याची इतकी सवय, की कुणी कधी विचारलंच नाही.

आज निषाद चिडलेला होता. त्याने विचारलं.

"तिकडे काय बघता सारखं?"

"सरांना विचारते."

"बाई... सर जाऊन किती वर्षं झाली."

"मला ठाऊक नाही का?"

दाराबाहेर द्वारकाबाई लेकीच्या पदराला लागलेलं कसलंतरी कुसळ काढत होत्या. निषादने तिकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग बाईंकडे. त्याचा चेहरा पार गोंधळलेला.

"मग... काय म्हणतात सर?"

बाईंनी उरलेला पेरू त्याच्यापुढे सरकवला.

"म्हणतात, जाऊ दे तिला." सुरी पुसत त्यांनी स्वतःच पुढे विचारलं, "तिची खाट रिकामी होईल... मला देतोस?"