शिंपेवाडीचा चुन्याचा खड्डा

हा खड्डा दिसतोय ना, त्याच्या काठावर उभं राहून फोटो काढू नका. चपला तिकडे काढा आणि या दगडावर बसा निवांत. खाडीचं पाणी भरतीला आत येतं, ओहोटीला निघून जातं. पण बघा, यात खेकडा राहत नाही की शेवाळ धरत नाही. तळाचा पांढरा थर चुन्याचा आहे. कुणी म्हणतं, इथे शिंपल्यांची भट्टी होती. म्हणू देत. आमच्या खारवीवाड्यात सांगतात ते वेगळं आहे.

कंपनी सरकारच्या काळात इथला गोमा तांडेल अफूच्या जहाजावरून चीनला जायचा. माल माळव्याचा, जहाज गोऱ्याचं, आणि दोर ओढायला आमची माणसं. या अफूनं तिकडच्या रयतेची पार माती केली होती म्हणे. शेवटी बादशहानं एक करडा अंमलदार पाठवला. त्यानं गोऱ्यांचा सगळा माल ताब्यात घेतला, किनाऱ्यावर मोठमोठे खड्डे खणले, त्यांत खारं पाणी सोडलं आणि वरून अफू नि कळीचा चुना टाकला. पाणी रटरटायला लागलं. ते समुद्रात सोडण्याआधी त्यानं हात जोडून दर्याची माफी मागितली, मासळीला लांब जायला सांगितलं. पेट्या उतरवणारा गोमा ते बघून पोट धरून हसला. एवढा मोठा माणूस आणि माशांच्या पाया पडतोय! हसता हसता त्यानं अफूचा एक गोळा करवंटीत घालून दडवला.

कशाला, म्हणाल तर घरासाठीच. तेव्हा आमच्या बायका तान्ह्या पोरांना अफूची बाळगोळी द्यायच्या. पोर निजलं की मासळी खारवायला मोकळ्या. गोमाच्या बायकोला, भागीला, फार वर्षांनी मुलगी झाली होती. आवडी तिचं नाव. दात येत होते म्हणून सारखी किरकिर करायची. गोमा घरी आला, खड्ड्यांची गंमत रंगवून सांगितली आणि गोळा भागीच्या हातात ठेवला. म्हणाला, "कणीएवढी दे. निजेल."

भागीनं दिली, नेहमी देत होती तेवढीच. पण बाजारातली गोळी भेसळीची आणि जहाजावरचा माल अस्सल. दोघांच्याही डोक्यात ते आलं नाही. भागी किनाऱ्यावर मासळी खारवायला गेली. गोमा पाळण्याशेजारी बसून जाळं सांधत होता. निजलीय तर निजू दे, म्हणून त्यानं पोरीला हलवलं नाही. संध्याकाळी भागीनं तिला उचललं, तेव्हा ती गार पडली होती.

भागी रडली नाही, असं सांगतात. एवढंच म्हणाली, "तो बादशहा ते बुडवत होता, आणि तुम्ही ते घरात आणलंत?"

गोमानं कुदळ घेतली आणि हा खड्डा खणला. खारं पाणी, चुना आणि उरलेला गोळा, सगळं तिकडे पाहिलं होतं तसंच केलं. मग खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि मासळीला हात जोडून लांब जा म्हणू लागला. म्हणता म्हणता ढसाढसा रडला. काठावर सगळी वाडी जमली होती. त्यात कुणा शेजारणीचं तान्हं रडायला लागलं. प्रसंग तसा, म्हणून ती बिचारी त्याला चूप करायला गेली. भागीनं तिचा हात धरला. म्हणाली, "रडू दे गं. रडतंय, म्हणजे आहे."

त्या दिवसापासून वाडीत बाळगोळी बंद झाली. आजही बारशाआधी प्रत्येक बाळ इथे आणतात आणि आईच्या मांडीवर ठेवतात. कुणी थोपटत नाही, कुणी गात नाही. बाळ रडेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. माझ्या नातीला आणली तेव्हा ती गाढ झोपलेली. ऊन चढलं तरी हूं नाही की चूं नाही. सगळी वाडी गप्प उभी होती. माझी सून तिच्या नाकाशी पुन्हा पुन्हा बोट धरत होती. शेवटी पोरीनं टाहो फोडला, आणि मी आपला या दगडावर टेकलो.